मूलद्रव्यांच्या नावांमागच्या ग्रीक गोष्टी अशा शोधा, पाठांतर आपोआप होईल

दहावी-अकरावीची मुलं आवर्तसारणी घोकताना बघितली की जीव तुटतो हो, कारण त्या नावांमध्ये एवढ्या भारी गोष्टी दडल्यात आणि पोरांना कुणी सांगतच नाही. म्हणून घरी कसं करायचं ते लिहितेय.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आवर्तसारणीचा भिंतीवर लावायचा मोठा तक्ता आणा, लॅमिनेशनवाला नको, त्यावर पेन्सिलीने लिहायचंय. आणि प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारायचा, नाव ठेवणाऱ्याला तेव्हा नेमकं काय दिसलं होतं? नुसती गोष्ट ऐकली तर आठवड्यात विसरते, गुणधर्माशी जोडली की पक्की बसते.

सुरुवात अणुक्रमांक ७३ पासून करा, टँटॅलम. टँटॅलस नावाचा राजा देवांचा अपराध केल्याची शिक्षा पाताळात भोगतोय, हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे पण प्यायला वाकला की पाणी खाली जातं, डोक्यावर डाळिंबं-अंजिरं लगडलीत पण हात वर केला की वारा फांद्याच उडवून नेतो. आता १८०२ मध्ये स्वीडनच्या एकेबर्गला काय दिसलं, तर या धातूचं ऑक्साइड भरपूर आम्लात ठेवलं तरी ते आम्ल काही घेतच नाही! चहूकडे आम्ल आणि याला घोटभरही नाही, म्हणून टँटॅलम. धातूसुद्धा असाच, शरीरातल्या द्रवांशी क्रिया करत नाही म्हणून तर ऑपरेशनमध्ये इम्प्लांटसाठी वापरतात.

मग त्याच्या बरोब्बर वरच्या घरावर बोट ठेवा, ४१, नायोबियम. नायोबी म्हणजे टँटॅलसची मुलगी, आपल्या मुलाबाळांचा गर्व केला म्हणून अपोलो आणि आर्टेमिसने तिची सगळी मुलं मारली आणि रडता रडता तिचा दगड झाला. १८०१ मध्ये हॅचेटने हे मूलद्रव्य शोधून कोलंबियम नाव दिलेलं, पण १८०९ मध्ये वुलस्टनसारखा मोठा माणूस म्हणाला की हे आणि टँटॅलम एकच, इतके दोघांचे गुणधर्म जुळतात. शेवटी १८४४ मध्ये जर्मनीच्या हाइनरिश रोझने टँटॅलमच्या खनिजात दुसरं मूलद्रव्य वेगळं दाखवलं आणि बापाबरोबर सापडली म्हणून मुलीचं नाव दिलं. बापलेक एकाच गणात, म्हणजे एकाच उभ्या रांगेत, वरखाली! हे पोरांना दाखवाच, गण म्हणजे काय ते वेगळं शिकवायला लागत नाही.

टायटॅनियमला मात्र जपून. मजबूत म्हणून टायटन असं सगळे सांगतात ते खरं नाही, १७९५ मध्ये नाव ठेवणाऱ्या क्लाप्रोट या रसायनशास्त्रज्ञाच्या हातात फक्त ऑक्साइड होतं, धातूची ताकद त्याला माहीतच नव्हती, म्हणून मुद्दाम गुणधर्माशी संबंध नसलेलं नाव घेतलं, टायटनांचं, म्हणजे पृथ्वीच्या मुलांचं. युरेनियमचं नावही त्यानेच १७८९ मध्ये ठेवलेलं, तेव्हा नव्याच सापडलेल्या युरेनस ग्रहावरून, आणि गोष्टीत युरेनस हा टायटनांचा बाप.

इरिडियम सोपं, क्षार रंगीबेरंगी म्हणून इंद्रधनुष्याची देवी आयरिस. हेलियममध्ये आपला गुंटूर येतो, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात तिथून जान्सेनने सूर्याचा वर्णपट बघितला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉकयरला एक पिवळी रेघ दिसली जी ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती, म्हणून सूर्यदेव हेलिऑसचं नाव. पृथ्वीवर ते रॅमसेला १८९५ मध्ये मिळालं. चंद्रदेवी सेलेनेवरून सेलेनियम, त्याच्या खालच्या घरात पृथ्वीच्या (लॅटिन) नावाचं टेल्युरियम. पॅलेडियम थेट अथेना देवीवरून (पालास हे तिचंच दुसरं नाव) नाही, १८०२ मध्ये सापडलेल्या पालास लघुग्रहावरून आलं, तेही बाणाने लिहून ठेवा.

थोरियम आणि व्हॅनेडियम या यादीत घालू नका, ते उत्तर युरोपातले देव. सेरियम, नेपच्युनियम रोमन देवांचे, तेही ग्रहगोलांमार्फत आलेले.

शेवटी ६१, प्रोमेथियम, तक्त्याखालच्या दोन वेगळ्या ओळींपैकी वरच्या ओळीत. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिजला युरेनियमच्या विखंडनातून निघालेल्या पदार्थांत सापडलं आणि नाव सुचवलं शोध लावणाऱ्यांपैकी एकाच्या बायकोने, ग्रेस मेरी कोरिएलने. देवांकडचा अग्नी माणसाला चोरून देणारा प्रोमेथियस, खडकाला बांधलेला, रोज गरुड येऊन त्याचं यकृत खातो. अणुबॉम्बच्याच वर्षी सापडलेल्या मूलद्रव्याला हे नाव का, ते मुलांनाच विचारा आणि त्यांचं उत्तर त्या घरात लिहू द्या.