ग्रँड कॅनियनची रिम ट्रेल: सपाट वाटेवरच्या या चुका टाळा

सह्याद्रीत पाय घासलेल्या माणसाला ॲरिझोनातल्या साउथ रिमची, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावरची, ही वाट फिरायला आल्यासारखी वाटते. साउथ कायबॅब ट्रेलच्या सुरुवातीपासून हर्मिट्स रेस्टपर्यंत सुमारे 21 किलोमीटर, चढउतार किरकोळ, बराचसा भाग फरसबंद. त्यामुळे तयारीच होत नाही, आणि फजिती तिथूनच सुरू होते.

पहिली चूक तर वाटेवर पाऊल ठेवण्याआधीची. लास वेगासहून ‘ग्रँड कॅनियन’ म्हणून काचेच्या स्कायवॉकची टूर घेतली, तर तुम्ही वेस्ट रिमला पोचता. ती हुआलापाई लोकांची जमीन. राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही आणि ही वाटही तिथे नाही. साउथ रिम वेगासहून गाडीने साडेचार तासांच्या आसपास आहे.

दुसरी चूक पाण्याची. आपल्याकडे घामाने शर्ट भिजला की पाण्याची आठवण होते. इथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर राहतच नाही. शर्ट कोरडा आणि माणूस आतून सुकलेला. त्यात हा कडा सुमारे 2,100 मीटरवर, म्हणजे कळसूबाईपेक्षा साडेचारशे मीटर उंच, त्यामुळे जरा भरभर चाललं तरी धाप लागते. ब्राइट अँजल ट्रेलच्या तोंडापासून हर्मिट्स रेस्टपर्यंतच्या 12-13 किलोमीटरमध्ये पाण्याचा नळ नाही, तेव्हा बाटल्या ग्रँड कॅनियन व्हिलेज या कड्यावरच्या वस्तीतच भरा.

पण नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट. भरपूर पाणी पिऊनही डोकं दुखतंय, मळमळतंय, तर अंगातलं मीठ कमी झालेलं असू शकतं. सावलीत बसा, आणखी पाणी ओतू नका, काहीतरी खारट खा. खारे शेंगदाणे, चिवडा बरोबर हवाच. माणूस बरळायला लागला, तर मात्र 911 या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन.

तो चिवडा खारींना घालू नका. फोटोत गोड दिसतात, पण चांगल्याच चावतात, आणि त्यांच्या पिसवांतून प्लेगही पसरू शकतो.

पाय थकले की बस पकडू, हा बेत बहुतेकांचा फसतो. 1 मार्च ते 30 नोव्हेंबर व्हिलेज ते हर्मिट्स रेस्ट जाणाऱ्या हर्मिट रोडवर खासगी गाड्या बंद असतात आणि फुकट शटल धावते. पश्चिमेकडे जाताना ती सगळ्या थांब्यांवर थांबते. परतीला मात्र फक्त पिमा, मोहावे आणि पॉवेल पॉइंटला. हे ठाऊक नसलेली मंडळी होपी पॉइंटला उभी राहून परतीच्या बसला हात करतात आणि ती समोरून निघून जाते. तिथून पॉवेल पॉइंट जेमतेम अर्धा किलोमीटर आहे, चालत जा. एरवी व्हिलेजकडून पश्चिमेला चालायला लागा, म्हणजे दमाल तिथल्या थांब्यावर बस मिळेल. शेवटची बस कधी, ते सकाळीच बघून ठेवा.

आई-बाबा बरोबर असतील, तर पॉवेल पॉइंटपर्यंतच बेत आखा. त्यापुढे मॉन्युमेंट क्रीक व्हिस्टापर्यंत वाट कच्ची आणि अरुंद आहे.

कठड्यांवर भिस्त ठेवू नका, बऱ्याच ठिकाणी ते नाहीतच. चुनखडीवरच्या बारीक खडीवरून बूटसुद्धा घसरतो. सेल्फीसाठी मागे सरकणं पूर्ण बंद. कड्यापासून दोन मीटर लांब राहा. जुलै ते सप्टेंबर दुपारी ढग जमले, गडगडाट ऐकू आला, की कडा सोडून बसमध्ये किंवा इमारतीत शिरा. एकट्या झाडाखाली नको.

आणि ‘आलोच आहोत तर थोडं खाली उतरू’ हा मोह. गडावर आधी चढ असतो, दमलात की उतार घरी आणतो. इथे सगळं उलटं. उतरताना गप्पा, चढताना धाप, वर दुपारचं ऊन. खोल जाल तसा उकाडा वाढतो. उन्हाळ्यात तळाशी सावलीतही पारा चाळिशी ओलांडतो. उतरायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट वर यायला धरा. ठरवलेल्या वेळेचा एक तृतीयांश भाग संपला की जिथे असाल तिथून मागे वळा.