जुनं मेकॅनिक परत येणार का? अंदाज बांधताना या चुका टाळा

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाचा नवा सेट (कार्डांचा संच) जाहीर झाला की जळगावात आमच्या रविवारच्या टेबलावर एक प्रश्न ठरलेला : "भाऊ, ते जुनं मेकॅनिक येईल का परत?" मेकॅनिक म्हणजे बऱ्याच कार्डांवर असलेला एखादा खास नियम. मग कोणीतरी मोबाइल काढून स्टॉर्म स्केलवरचा आकडा वाचतो आणि जणू कोर्टाचा निकाल लागला अशा थाटात सगळे माना डोलावतात. मेकॅनिक परत येण्याची शक्यता सांगणारं हे स्केल खेळाचा मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर याचं. १ म्हणजे हमखास येणार, १० म्हणजे चमत्कारच व्हावा लागेल. वाचायला सोपं आहे, म्हणूनच लोक चुकीचं वाचतात.

मेकॅनिक आलं म्हणजे जुनी कार्डं चालली, असं समजणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे. धुळ्याचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा आमच्यात येतो, हुशार आहे, पण दम नाही. खेळातल्या फायरेक्सिया या जगाचा सेट येणार हे कळताच त्यानं ठरवलं की इन्फेक्ट (समोरच्याला डॅमेजऐवजी विषाचे काउंटर देणारं जुनं मेकॅनिक) परत येणार. मेसचे पैसे वाचवून त्यानं ग्लिस्टनर एल्फ आणि बाकीची इन्फेक्टची कार्डं मुंबईहून कुरियरने मागवली. "कसाले घाई करस रे भो? यादी तर येऊ दे," असं त्याला टेबलावरच्या प्रत्येकानं सांगितलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सेट आला आणि त्यात निघालं टॉक्सिक नावाचं दुसरंच मेकॅनिक.

दिसायला भाऊ-भाऊ, पण वागायला वेगळे. एल्फ १/१ चा, म्हणजे ताकद १, टिकाव १. त्याच्यावर जायंट ग्रोथ टाकलं की तो ४/४ होतो आणि अडवला नाही तर समोरच्याला थेट ४ पॉयझन काउंटर देतो. १० झाले की खेळ खलास. टॉक्सिक १ असलेल्या १/१ वर तेच कार्ड टाका : ४ डॅमेज होईल, पॉयझन मात्र एकच. इन्फेक्टमध्ये ताकद वाढवली की विषही वाढायचं, आणि नेमकं तेच डिझायनरांनी कापलं.

बरं, इन्फेक्ट जसंच्या तसं आलं असतं तरी त्याचे पैसे बुडालेच असते. एल्फ २०११ च्या न्यू फायरेक्सियातला. स्टँडर्डमध्ये, म्हणजे फक्त अलीकडच्या सेट्सच्या कार्डांनी खेळायच्या प्रकारात, परवानगी मेकॅनिकला नाही, कार्डाला असते. त्याच नावाचं कार्ड नव्या सेटमध्ये छापलं तर जुनी प्रतही चालते, नाही तर डब्यात. माझी सवय एकच आहे : नव्या सेटच्या कार्डांची पूर्ण यादी येईपर्यंत खिशात हात घालायचा नाही. सिंगल्स (सुटी कार्डं) प्री-रिलीजनंतर, म्हणजे सेट बाजारात येण्याआधीच्या स्पर्धांनंतर बघायचे. तोवर एखादं कार्ड महाग झालं तर होऊ दे.

आकडा कशाबद्दल आहे हे न बघणं

स्केल स्टँडर्डच्या सेट्सबद्दल आहे, अख्ख्या मॅजिकबद्दल नाही. ज्याच्यावरून नाव पडलं ते स्टॉर्मच घ्या. २००३ च्या स्कर्जमधलं हे मेकॅनिक : त्या टर्नमध्ये आधी जितके स्पेल (म्हणजे कार्डं) टाकले असतील, तितक्या या स्पेलच्या जादा कॉप्या. टेंड्रिल्स ऑफ अॅगनी हे स्टॉर्मचं कार्ड समोरच्याचे २ लाइफ घेतं. आधी ९ स्पेल झाले असले की मूळ धरून १० वेळा, म्हणजे सुरुवातीचे पूर्ण २०. समोरचा नुसता बघत बसतो. म्हणून स्टॉर्म १० वर.

तरीही २०१९ च्या मॉडर्न होरायझन्समध्ये स्टॉर्म होतं, २०२१ च्या दुसऱ्या भागातही होतं. कारण ते सेट स्टँडर्डसाठी नव्हतेच. हे पाहून "स्केल खोटं निघालं" म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, चहा सांगतो.

उलट्या बाजूची गंमत एनर्जी या मेकॅनिकची. २०१६ च्या कलादेशमध्ये आलं, इतकं माजलं की जानेवारी २०१८ मध्ये अट्यून विथ ईथर आणि रोग रिफायनर स्टँडर्डमधून बॅन करावे लागले. तेव्हा सगळे म्हणाले, संपलं. २०२४ ला ते मॉडर्न होरायझन्स ३ मध्ये आलं आणि २०२५ च्या ईथरड्रिफ्टबरोबर चक्क स्टँडर्डमध्येही. बॅन कार्डावर असतो, मेकॅनिकवर नाही.

बाकीच्या, थोडक्यात

एक कार्ड दिसलं की "परत आलं!" म्हणून नाचणं. २०२४ च्या ब्लूमबरोमध्ये राल, क्रॅकलिंग विट या एका कार्डाच्या शेवटच्या अॅबिलिटीतून तुमच्या इन्स्टंट आणि सॉर्सरी प्रकारच्या स्पेल्सना स्टॉर्म मिळतं. त्यामुळे काही स्टॉर्म सेटमध्ये आलं असं होत नाही.

फक्त लोकप्रियता बघणं. रोझवॉटर नवी कार्डं बनवायला जागा किती उरली, तोल सांभाळता येतो का, टेबलावर खेळायला कसं वाटतं, हेही बघतो.

जुन्या नावालाच चिकटून बसणं. मॉर्फची (कार्ड पालथं खेळण्याचं जुनं मेकॅनिक) वाट बघणाऱ्यांना २०२४ च्या कार्लोव्ह मॅनरमध्ये डिसगाइज मिळालं : पालथं पडलेलं तेच २/२, फक्त वर वॉर्ड २ हे संरक्षण. ज्यांना मॉर्फच हवं होतं ते अजून रुसलेले आहेत.

सायकलिंग आणि किकर या मेकॅनिकांबद्दल विचारणं. येतात की वरचेवर!

बँडिंग हे जुनं, किचकट मेकॅनिक येईल का विचारणं. आधी त्याचा नियम मला न अडखळता समजावून सांगा, मग बोलू.

मेकॅनिक आणि रिझर्व्ह्ड लिस्ट यांची खिचडी करणं. १९९६ पासूनची ती यादी कार्डांची आहे, खेळात चालतील अशी ती पुन्हा छापणार नाही हे कंपनीचं वचन. स्टॉर्म स्केलशी तिचा काडीचाही संबंध नाही, तेव्हा त्या यादीतल्या ब्लॅक लोटस या कार्डाचा आकडा किती, असं कृपा करून कोणी विचारू नका.