मायग्रेन चालू असतानाच डोक्याची एमआर अँजिओ करायची असेल तर

आधी एक सांगते, या स्कॅनमध्ये, म्हणजे एमआरआय मशीनमध्ये काढलेल्या डोक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या फोटोत, मायग्रेन दिसत नाही. शिरा फुगतात म्हणून डोकं ठणकतं असं आपण ऐकत आलोय, पण 2013 मध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी 19 बायकांचं अटॅक चालू असताना एमआर अँजिओ केलं तर कवटीबाहेरच्या धमन्या फुगलेल्या नव्हत्याच, आतल्याही जेमतेम. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला तरी तुमचं दुखणं खरंच आहे, घरात कोणी नाटक म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

डॉक्टर स्कॅन सांगतात ते दुसरं काही नाही ना हे बघायला. डोकं एका मिनिटात फुटेल असं दुखायला लागलं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला, तापासोबत मान आखडली किंवा नुकतीच डिलिव्हरी झालीय, तर अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, थेट इमर्जन्सीत जा.

आता तयारी. सुमाट्रिप्टान ही मायग्रेनची गोळी घेतली असेल तर किती वाजता ते टेक्निशियनला आणि डॉक्टरांना सांगा कारण ती गोळी धमन्या आकसवते. पेसमेकर, मेंदूतल्या शिरेला ऑपरेशनमध्ये लावलेली क्लिप, प्रेग्नन्सी हे न विचारता सांगायचं. मंगळसूत्र, पिना, जोडवी घरीच काढा, माझ्या बहिणीची जोडवी सुजलेल्या बोटातून निघेना, शेवटी बाथरूममध्ये साबण लावून काढली आणि तोवर तिला दोनदा उलटी झाली. म्हणून उलटीच्या गोळीचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

साध्या एमआर अँजिओला बहुतेक वेळा इंजेक्शन लागत नाही, वाहतं रक्तच फोटोत पांढरं चमकतं, पण म्हणूनच हलायचं नाही, हललात तर शीर पुसट येते आणि उगाच अरुंद असल्याचा संशय निघतो. मशीन प्रचंड ठकठक करतं, इअरप्लग आणि वरून हेडफोन दोन्ही मागा, डोळ्यावर घडी केलेला रुमाल ठेवायला सांगा, आतल्या लाइटचा फार त्रास होतो. टेक्निशियनला बोलवायला हातात रबरी फुगा देतात, मळमळ वाढली की लगेच दाबा, उताणं झोपून उलटी झाली तर श्वासात जाऊ शकते, तिथे लाजायचं नाही.

निघताना फिल्मसोबत सीडीपण मागून घ्या, न्यूरोलॉजिस्टला स्वतः फोटो फिरवून बघता येतात.