गुळातली चकचकीत गाजरं, भोगी-संक्रांतीच्या ताटासाठी

भोगीच्या आदल्या दिवशी सांगलीत मंडईला गेलं की पावटा, ओला हरभरा, वांगी, घेवडा आणि गाजरांचे ढीगच्या ढीग, सगळे भोगीच्या भाजीसाठी घेत असतात. पण त्या भाजीत गाजरं जातात दोन-तीन आणि आपण घेतो किलोभर, मग बाकीची फ्रीजमध्ये सुकत पडतात. तर त्या उरलेल्या गाजरांचं मी दरवर्षी हे तोंडीलावणं करते. ताटात डाव्या बाजूला चटणी-कोशिंबिरीशेजारी चार-पाच फोडी वाढायच्या, गुळा-तुपात घोळलेल्या, वरनं भाजलेले तीळ. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि ह्या फोडी, एकदा खाऊन बघाच. हॉटेलात ग्लेझ्ड कॅरट म्हणून देतात ना तोच प्रकार, फक्त बटर-साखरेच्या जागी आपलं तूप आणि गूळ.

आधी गाजराचं सांगते. थंडीत दोन गाजरं मिळतात, एक लालभडक दिल्ली गाजर, हलव्याचं, आणि दुसरं नारिंगी, बारीक, महाबळेश्वर-पाचगणीकडचं. ह्याला नारिंगीच घ्या. लाल गाजराला पाणी लय सुटतंय आणि फोड लवकर मऊ पडते, ते किसून हलवा करायला चांगलं. साताऱ्याकडनं कोण येणार असेल तर मी वाईहून येतानाच गाजरं आणायला सांगते, पाल्यासकट मिळाली तर अजून बरं, पाला हिरवागार असला की गाजर ताजं आहे हे वेगळं तपासायला नको.

चार-पाच माणसांना अर्धा किलो गाजर पुरतं कारण हे भाजीसारखं वाटीभर कोण खात नाही. त्याला तीन चमचे किसलेला गूळ (चमचा म्हणजे पोहे खायचा), दोन चमचे साजूक तूप, पाऊण वाटी पाणी, पाव चमचा मीठ, मूठभर बेदाणा, अर्धा इंच आलं किसून, चमचाभर तीळ आणि अर्धं लिंबू. तिखटपणाला आमच्याकडं पाव चमचा चटणी घालतात, चटणी म्हणजे घरची कांदा-लसूण चटणी, पण नैवेद्याचं ताट असेल तर कांदा-लसूण नको, नुसती मिरपूड घाला.

गाजरं सोलून तिरकी कापा, फोड बोटाच्या पेराएवढी. गाजर वर जाड आणि खाली निमुळतं, त्यामुळं जाड भाग आधी उभा चिरून घ्या आणि मग काप करा, शेंड्याकडचा भाग तसाच ठेवा. सगळ्या फोडी साधारण सारख्या पाहिजेत, नाहीतर बारक्या विरघळतात आणि जाड्या कच्च्या राहतात, आणि सणाच्या दिवशी एकेक फोड बाजूला काढत बसायला वेळ कुणाला असतोय.

भांडं पसरट घ्या. लंगडी असेल तर एकदम बेस्ट, नाहीतर जाड बुडाचा मोठा फ्रायपॅन, पण फोडी एका थरात मावल्या पाहिजेत. उंच पातेल्यात वरच्या फोडी वाफेवर शिजतात, खालच्या पाण्यात, आणि पाणी आटायला इतका वेळ लागतो की तोवर गाजराचा लगदा होतो. कुकर तर नकोच, एका शिट्टीत मऊ होतात आणि मग घोळवायला गेलं की मोडतात.

आता तूप अर्धं टाका, त्यात आलं जरा परता, फोडी टाका, मीठ टाका, पाणी घाला. पाणी फोडींच्या निम्म्यापर्यंत आलं पाहिजे, बुडवायच्या नाहीत. झाकण ठेवा आणि मध्यम जाळावर सात-आठ मिनिटं शिजू द्या. अधनंमधनं भांडं नुसतं हलवा. सुरीचं टोक फोडीत घालून बघायचं, बाहेरनं सहज जातंय आणि मधल्या दांड्यापाशी जरासं अडतंय, इतपत झालं की झाकण काढा.

गूळ अजून घातलेला नाही हे लक्षात आलं का? तो मुद्दाम मागं ठेवलाय आणि ह्या पदार्थाचं सगळं ह्याच्यावरच आहे. माझं पहिल्या वर्षी हेच चुकलं होतं. लग्नानंतरची पहिली भोगी, घरात बारा माणसं, आणि मी गाजर, गूळ, पाणी, तूप सगळं एकदमच चढवलं. पंचवीस मिनिटं झाली तरी फोड सुरीला करकर लागत होती आणि खाली पाक करपायला लागलेला. सासूबाई आल्या, झाकण उघडून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, आमटीत तरी डाळ शिजायच्या आधी गूळ घालतेस का?" तेच आहे हे. गोडात भाजीचा कण आवळून बसतो, मऊ पडत नाही. आणि गुऱ्हाळात रस साफ करायला चुना घालतात, त्याचा थोडा अंश गुळात राहतो, त्यानं भाजी अजूनच कडक राहते. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात ठेवतात ना, त्या मोडू नयेत म्हणून, तसंच. म्हणून गाजर जवळजवळ शिजल्याशिवाय गुळाला हात लावायचा नाही.

गूळ कुठला घ्यायचा तर चिक्कीचा सोडून कुठलाही. चिक्कीचा गूळ थंड झाला की कडक होतो आणि फोडी एकमेकींना धरून बसतात, वाढताना अख्खा गठ्ठाच निघतो. साधा मऊ गूळ, रंगानं जरा गडद असला तरी चालेल, कराडकडचा मिळतो तो छान. गुळात खडा-कचरा दिसला तर दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या. आणि जर का घरात काकवी असेल तर मग गूळ राहू द्या, तीन चमचे काकवीच घाला. गुऱ्हाळं जानेवारीत चालूच असतात, ओळखीच्या गुऱ्हाळावरनं बाटलीभर आणून ठेवते मी. काकवी गार झाली तरी घट्ट होऊन बसत नाही, त्यामुळं जी चमक येते ती दोन-तीन तास तशीच राहते. पाहुणे उशिरा जेवायला बसणार असतील तर काकवीच.

झाकण काढलं की जाळ मोठा करा, गूळ घाला, बेदाणा घाला. बेदाणा तासगावचा, हिरवट-पिवळा लांबडा, आमच्याकडं तो डब्यात असतोच. आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा आणि ते पाणीपण गाजरातच ओता, गोडवा उतरलेला असतो त्यात.

आता इथनं पुढं गॅसपाशीच उभं राहायचं, फोन आला तरी उचलायचा नाही, कारण चार-पाच मिनिटांचंच काम आहे पण शेवटच्या एका मिनिटात सगळं होतं. आधी पाणी खळखळ उकळत असतं, बुडबुडे बारीक आणि भराभर फुटणारे. मग आवाज बदलतो, खळखळ जाऊन चरचर सुरू होते, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, एकेक फुगून सावकाश बसतो. उलथनं तळावरनं फिरवलं की मागं रस्ता पडतो आणि तो लगेच भरून येत नाही. इथं उरलेलं तूप घाला आणि जाळ बारीक करून भांडं गोल गोल फिरवा म्हणजे फोडी आपोआप घोळल्या जातात, चमच्यानं सारखं ढवळलं तर कडा मोडतात. गूळ, तूप आणि गाजरातनं उतरलेलं पाणी एकजीव होऊन फोडीला धरतं, चमक म्हणतात ती हीच. नुसता वेगळा पाक करून वरनं ओतला तर तो फोडीवरनं ओघळून ताटात जातो आणि भाकरी भिजते.

कधीकधी तूप वेगळं सुटून कडेला जमा होतं, फोडी तेलकट दिसतात. पाणी जरा जास्तच आटलं म्हणून होतं ते. दोन चमचे गरम पाणी घाला, भांडं परत फिरवा, पुन्हा जुळून येतंय.

गॅस बंद करा आणि मगच लिंबू पिळा, चटणी किंवा मिरपूड टाका, तीळ पेरा. लिंबू टाळू नका, गोडावर आंबट नसेल तर तिसऱ्या फोडीला नको वाटतं. तीळ आधी कोरडे भाजून ठेवा, तडतडायला लागले की उतरवायचे.

जास्त माणसं असतील तर एक सांभाळा. तीन किलो गाजर म्हणून साडेचार वाट्या पाणी असा हिशोब करू नका, मोठ्या भांड्यात पाणी त्या मानानं हळू आटतं. त्यापेक्षा सकाळीच सगळ्या फोडी मीठ टाकून नव्वद टक्के वाफवून ठेवा, वाफेखालचं पाणी फेकू नका, आणि पंगत बसायच्या आधी अर्धा अर्धा किलोच्या घाण्यात ते पाणी, गूळ आणि तूप घालून घोळवा. एक घाणा सहा-सात मिनिटांत होतो.

ह्याच पद्धतीनं रताळ्याचं पण होतं, पण रताळं लवकर मोडतं म्हणून फोडी मोठ्या करा आणि पाणी अर्धी वाटीच घाला. उपवास असेल तर तीळ आणि चटणी वगळायची, वेलदोडा घालायचा. लाल भोपळा करायचा तर साल ठेवूनच करा. बीट मी एकदा गाजरात मिसळलं होतं, सगळंच लाल झालं, ते वेगळंच करावं.

उरलं तर दुसऱ्या दिवशी गरम करताना एक चमचा पाणी घालून करा. आणि चटणी घातलेली नसेल तर फोडी कुस्करून त्यात मावेल तेवढी कणीक मळा आणि दशम्या करा, संक्रांतीनंतर पोरांच्या डब्याला दोन दिवस पुरतात.