मुनीमजींची डिस्क आणि एफएसटॅबमधली एक ओळ

मे महिना. सकाळी सव्वासातला फोन. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचे मुनीमजी. "भाऊ, सर्व्हर चालू व्हत नही. काया पडदावर पांढरं पांढरं काहीतरी लिखेल शे." मुनीमजी अमळनेरकडचे. एरवी माझ्याशी शुद्ध मराठीत बोलायचे. अहिराणीत आले म्हणजे प्रकरण गंभीर.

रात्री वीज गेली होती, यूपीएसची बॅटरी संपली, पहाटे वीज आल्यावर मशीन आपोआप चालू झालं आणि अर्ध्या वाटेत अडकलं. गेटवर तुरीच्या गाड्या उभ्या, वजनकाट्याच्या पावत्या निघेनात. मी पोहोचलो तेव्हा पडद्यावर इमर्जन्सी मोडचा संदेश होता आणि रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागत होता. मालक मागे हाताची घडी घालून उभे.

बिघाड माझाच होता. पाच दिवसांपूर्वी मी तिथे बॅकअपसाठी यूएसबीची बाहेरची हार्डडिस्क लावून दिली होती. मशीन चालू होताच ती आपोआप जोडली जावी म्हणून ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये एक ओळ वाढवली. चाचणीही केली. 'माउंट हायफन ए' (त्या फाइलीतल्या डिस्क जोडून घ्यायची आज्ञा) दिलं, काही चूक आली नाही, डिस्क दिसली, चहा घेतला, निघालो. मला ठाऊक नव्हतं ते हे, की चोरीच्या भीतीने मुनीमजी रोज संध्याकाळी ती डिस्क काढून पिशवीत घालून घरी नेतात. मशीन चालूच राहिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. लोडशेडिंगने माझी ओळ तपासली.

लिनक्समध्ये मशीन चालू होताना सगळ्या सेवा उठवणारा सिस्टमडी एफएसटॅबमधल्या डिस्कची साधारण १ मिनिट ३० सेकंद वाट बघतो. डिस्क नाहीच आली तर तो समजतो, महत्त्वाचं काहीतरी गहाळ आहे, आणि इमर्जन्सी मोडमध्ये उतरतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच. ही डिस्क नसली तरी चालेल, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. पासवर्ड टाकला, मूळ फाइलसिस्टम लिहिता येईल अशी पुन्हा माउंट केली, एफएसटॅब उघडून माझ्या ओळीपुढे हॅश लावला, म्हणजे ती ओळ वाचलीच जात नाही, आणि रीस्टार्ट. पावत्या सुरू झाल्या. रूटचा पासवर्ड आमच्याकडे होता म्हणून एवढ्यावर निभावलं. काही ठिकाणी रूटचं खातं बंद ठेवलेलं असतं, मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन उठवून आतली फाइल सुधारावी लागते. तो पेनड्राइव्ह तेव्हापासून माझ्या बॅगेत कायम असतो.

सर्व्हर सांभाळण्याच्या या कामात नव्याने येणारी आपल्याकडची मुलं मला विचारतात, आधी काय शिकू? माझं उत्तर ठरलेलं आहे: कॉन्फिग फाइल, म्हणजे प्रोग्रामची सेटिंग लिहिलेली फाइल, वाचायला शिका. बदलायला नंतर. (पुढे आज्ञा आपण तोंडाने बोलतो तशाच लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थात रोमन.)

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते आप्पा धुळ्याचे. फाइल बघायची म्हणून मी नॅनो हा एडिटर उघडला की हातावर चापट बसायची. "पहिले वाची ले, मंग हात लाव." बघायचं असेल तर 'लेस'. त्यात चुकून एखादं अक्षर दाबलं गेलं तरी फाइलमध्ये काही शिरत नाही. एडिटरमध्ये मात्र कोपर लागून एक अक्षर पडतं, बाहेर पडताना 'सेव्ह करू का' ला आपण सवयीने हो म्हणतो, आणि ते अक्षर महिनाभराने उगवतं.

फाइल लांबलचक असेल तर ग्रेप या ओळी गाळणाऱ्या आज्ञेने हॅशवाल्या आणि रिकाम्या ओळी वगळून पाहा. चारशे ओळींच्या फाइलीत खरी सेटिंग वीसच निघतात. पण त्या हॅशवाल्या ओळी एकदा तरी नीट वाचा. एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) सर्व्हरच्या फाइलीत हॅश लावलेली ओळ म्हणजे ती सोय बंद, असं नवख्यांना वाटतं. तसं नाही. तिथे डिफॉल्ट काय आहे तेच लिहून हॅश लावलेला असतो. प्रत्यक्षात काय लागू आहे ते 'एसएसएचडी हायफन कॅपिटल टी' दिल्यावर कळतं. आणि 'मॅन पाच एफएसटॅब' सारखी आज्ञा द्यायला लाजू नका. मॅन्युअलचा पाचवा विभाग फाइलींच्या रचनेसाठीच आहे. एफएसटॅबच्या सहा रकान्यांचा अर्थ तिथे आहे, आणि ज्या एका शब्दाने मी वाचलो असतो तो 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी अडू नको, तोही तिथेच आहे. मी ते पान त्या सकाळनंतर वाचलं.

आता बदलण्याकडे. आधी प्रत काढा, 'सीपी'ला 'हायफन ए' जोडून, म्हणजे मालकी, परवानग्या आणि वेळ जशीच्या तशी येते. नावाला तारीख जोडा. 'जुनी', 'जुनी२', 'खरीजुनी' अशा प्रती मी एका सर्व्हरवर पाहिल्या आहेत, आणि त्यातली कामाची कुठली हे त्या ठेवणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. प्रत कुठे ठेवता हेही बघा. डेबियन घराण्यातल्या लिनक्समध्ये इंजिनएक्स या वेबसर्व्हरच्या 'साइट्स इनेबल्ड' फोल्डरमधली प्रत्येक फाइल वाचली जाते. तिथेच प्रत ठेवली तर एकच साइट दोनदा नोंदवली जाते आणि तुम्ही डोकं खाजवत बसता. याच्या उलट सुडोअर्सच्या (सुडो या आज्ञेने रूटचे अधिकार कुणाला वापरता येतील ते ठरवणाऱ्या फाइलीच्या) 'डॉट डी' फोल्डरमध्ये नावात टिंब असलेली फाइल वाचलीच जात नाही. तिथे 'कामगार डॉट कॉन्फ' नावाची फाइल ठेवून नियम का लागत नाही म्हणून माझा अर्धा दिवस गेलाय. मी तर सगळ्या प्रती रूटच्या घरातल्या एका वेगळ्या फोल्डरात ठेवतो. ज्यांना गिट, म्हणजे फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, येतं त्यांनी 'ईटीसीकीपर' लावावा, ईटीसीचा सगळा इतिहास राहतो.

सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइली यूएसआरखालच्या मूळ जागी जाऊन बदलू नका. पुढच्या अपडेटला तुमचं काम पुसलं जातं. 'सिस्टमसीटीएल एडिट' दिलं की तुमचा बदल ईटीसीमध्ये वेगळ्या फाइलीत राहतो.

सुडोअर्स फाइल 'व्हीआयसुडो'नेच उघडायची, यात चर्चा नाही. ती फाइल बिघडली तर सुडो चालायलाच नकार देऊ शकतो, आणि दुरुस्तीसाठी तर सुडोच लागतो. व्हीआयसुडो सेव्ह करताना व्याकरण तपासतो. चूक सापडली की थांबून विचारतो, आता काय? छोटा ई दाबला की परत एडिटरमध्ये, छोटा एक्स दाबला की बदल टाकून देऊन बाहेर, मोठा क्यू दाबला की चुकीसकट सेव्ह. व्हीआय हा एडिटर वापरणाऱ्यांची बोटं क्यूकडे आपोआप जातात, कारण तिथे क्यू म्हणजे बाहेर पडणं. सुदैवाने इथे तो कॅपिटल लागतो.

मग अक्षरांचे घोटाळे. हा भाग कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त हाच होतो. ओळी वर्डमध्ये जपून ठेवायच्या आणि तिथून चिकटवायच्या, ही सवय. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं, दोन हायफनची एक लांब रेघ करतं. डोळ्याला दिसत नाही, प्रोग्रामला दिसतं. विंडोजवर लिहून आणलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खूण असते. आणि खास आपला प्रकार: माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका पोराचा आयपी पत्ता काही केल्या लागू होईना. ओळ तर अगदी बरोबर दिसत होती. आधी तो मराठीत अर्ज टाइप करत होता, मधे एकदा की-बोर्ड परत मराठीवर गेला, आणि पत्त्यातलं शेवटचं शून्य देवनागरी पडलं. गोल तो गोलच दिसणार! 'कॅट हायफन कॅपिटल ए' दिल्यावर त्या शून्याच्या जागी खुणांची रांगोळी उमटली. विंडोजची ओळ-खूणही याच आज्ञेने उघडी पडते. फाइल बरोबर दिसत असूनही चालत नसेल तर मी पहिली हीच आज्ञा देतो.

बदल झाला की रीस्टार्टच्या आधी 'डिफ' लावून जुनी प्रत आणि नवी फाइल शेजारी बघा. एक ओळ बदलायला गेला होतात ना? मग फरक एकाच ओळीचा दिसला पाहिजे. त्यानंतर त्या त्या प्रोग्रामची स्वतःची तपासणी. इंजिनएक्सला 'हायफन टी', अपाचे या दुसऱ्या वेबसर्व्हरला 'कॉन्फिगटेस्ट', एसएसएचडीला छोटा 'हायफन टी', एफएसटॅबला 'फाइंडमाउंट'चा 'व्हेरिफाय'.

दूरच्या मशीनवर एसएसएचची फाइल बदलत असाल तर आधीची खिडकी बंद करू नका. सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी सुरू असलेली जोडणी तुटत नाही. दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघा, जमलं तरच पहिली सोडा. मी चोपड्यात बसून पुण्यातल्या मशीनवर काम करतो, मधल्या मध्ये कुलूप लागलं तर किल्ली घेऊन धावत जाणं शक्य नाही. इथला एक वाकडा नियम ध्यानात ठेवा: एसएसएचडीच्या फाइलीत एकच सेटिंग दोनदा आली तर पहिली चालते. उबुंटू-डेबियनमध्ये 'डॉट डी' फोल्डरमधले फाइलींचे तुकडे ओढून घेणारी ओळ फाइलीच्या डोक्यावरच असते. त्यामुळे तुम्ही खाली कितीही 'पासवर्ड ऑथेंटिकेशन नो' लिहा, वरच्या तुकड्यात 'येस' असेल तर तेच लागू. कर्नलची सेटिंग ठरवणाऱ्या सिसकंट्रोलमध्ये बरोबर उलटं, शेवटचं चालतं. म्हणून 'सगळीकडे असंच असतं' हे वाक्य या धंद्यात मी कुणाकडून ऐकून घेत नाही.

नेटवर्कसाठी उबुंटूवर 'नेटप्लॅन ट्राय' वापरा. नवी सेटिंग लावतो आणि १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही तर आपणहून जुनी परत आणतो. म्हणजे तुम्हीच बाहेर फेकले गेलात तरी दोन मिनिटांनी दार उघडतं. नेटप्लॅनच्या फाइलीत टॅब चालत नाही, फक्त स्पेस, एवढं लक्षात असू द्या.

सरावाला महागडं काही लागत नाही. जुना लॅपटॉप, त्यात व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्राम), आतल्या मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे आहे त्या स्थितीची प्रत, घ्या आणि एफएसटॅब मुद्दाम बिघडवा. नसलेल्या डिस्कची ओळ टाका, रीस्टार्ट करा, ते दीड मिनिट मोजा आणि बाहेर या. सुरुवात इंग्रजीतून जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीत आहेत. रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा देणार असाल तर ती प्रत्यक्ष मशीनवर असते आणि तुमचे बदल रीस्टार्टनंतरही टिकलेले लागतात. घोकून जाणारे तिथेच अडकतात. नोकरीच्या मुलाखतीत मी स्वतः एकच विचारतो: शेवटचं मशीन कसं बिघडवलंत? कधीच बिघडवलं नाही म्हणणाऱ्याने बहुधा कधी काही लावलेलंही नसतं.

डाळ मिलमध्ये त्याच दुपारी मी ती ओळ पुन्हा लिहिली. डिस्कचं नाव एसडीबी-एक असं टाकलं होतं, ते काढून 'बीएलकेआयडी' या आज्ञेने मिळालेला यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा स्वतःचा ओळख-क्रमांक, घातला, कारण दुसरी एखादी डिस्क वा पेनड्राइव्ह लागला की एसडीबी कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो. पर्यायांच्या रकान्यात 'नोफेल' लिहिलं, वाट बघण्याची मुदत दहा सेकंदांवर आणली. बाहेर ४४ अंश, सर्व्हरच्या खोलीतला कूलर गरम हवा फेकत होता. मी मुनीमजींना म्हटलं, "डिस्क काढा आणि पिशवीत घाला."

"आता? दुपारी?"

"हो. घरी निघाल्यासारखं करा."

त्यांनी खरंच पिशवी खांद्याला लावली आणि दारात जाऊन उभे राहिले. मी मशीन रीस्टार्ट केलं. लॉगिनचा पडदा येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.