या चुका टाळा: वर्गात साथीचा संशय येतो तेव्हा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात पाऊस लागला की वर्गाच्या खिडक्या बंद होतात, त्या गणपती येईपर्यंत धड उघडत नाहीत. त्यात नलिकलीची (कन्नड शाळांतली खेळत-शिकण्याची पद्धत) खोली. पहिली ते तिसरी एकत्र, पोरं गोल करून चटईवर, एकाच डब्यातली कार्डं सगळ्यांच्या हातात. अशा खोलीत दुसरीतल्या एका पोराला पुरळ उठलं तर संपर्कात तिन्ही इयत्ता आल्या असं धरायचं. बऱ्याच शाळा फक्त दुसरीची यादी काढतात. पहिली चूक तिथंच होते.

रोगाचं नाव ठरवत बसणं

एक म्हणतं कांजिण्या, दुसरं म्हणतं उष्णता, घरचे म्हणतात ‘आई आली’. (‘आई’ म्हणजे देवी रोग. त्याचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ ला सापडला, नाव अजून घराघरांत आहे.) नाव ठरवणं डॉक्टरांचं काम. शाळेनं जे दिसतं ते लिहायचं. वहीत नोंद अशी हवी: ‘मंगळवार, ११.२० वा. ताप १०१.४. पुरळ कालपासून, आधी कानामागं आणि चेहऱ्यावर, आता छातीवर. डोळे लाल, नाक वाहतं. राहणार वरची गल्ली. घरी दीड वर्षाची बहीण.’ एवढी वाक्यं पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) फोनवर वाचून दाखवली की पुढचं काम सुरू होतं. ‘काही पोरं आजारी आहेत’ एवढं सांगितलं तर कुणी येत नाही, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नाही.

ताप आणि पुरळ एकत्र दिसलं तर कळवायला एक मूल पुरे, दुसऱ्याची वाट बघू नका. गोवर पुरळ उठण्याआधी ४ दिवस आणि उठल्यावर ४ दिवस पसरतो. म्हणजे पुरळ दिसेपर्यंत शेजारी बसणाऱ्यांपर्यंत तो पोचलेला असू शकतो. त्या दिवशी खरी गरज असते ती खोलीतल्या प्रत्येकाचं लसीकरण कार्ड बघण्याची. गोवर-रुबेलाचे दोन डोस, एक ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. ऊसतोडीच्या हंगामात चिक्कोडी, निपाणी, अथणीकडच्या शाळांत नवी पोरं येऊन बसतात. त्यांची कार्डं बहुधा गावी राहिलेली असतात. कार्ड नाही म्हणजे ‘डोस झालाच असेल’ असं धरू नका, आशाताईंना ते नाव वेगळं द्या.

घरी कडुनिंबाचा पाला बांधला असेल तर त्यावर वाद घालू नका. पाल्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते पोर लपवून ठेवल्यानं.

हात लावून ताप बघणं आणि लगेच घरी धाडणं

डिजिटल थर्मामीटर काखेत धरा, बीप होईपर्यंत. नंतर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. १००.४ किंवा जास्त आलं तर पोराला वेगळं बसवायचं. ऑफिसात नको, तिथं सगळ्यांची ये-जा असते. बिसिऊटच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) स्वयंपाकघराशेजारीही नको. मोकळा व्हरांडा, एक मास्क, पाण्याची स्वतःची बाटली आणि नजर ठेवायला एकच मोठं माणूस. घरचं कुणी येईपर्यंत वडापमध्ये (शेअर जीपमध्ये) बसवून देऊ नका. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, मान आखडली असेल, पोर गुंगीत असेल किंवा झटका आला असेल, तर पालकांची वाट न बघता १०८.

सकाळी आठला पॅरासिटामॉल देऊन शाळेत पाठवलेलं पोर बाराच्या सुमारास पुन्हा तापतं. गोळीचा असर ४ ते ६ तासच टिकतो. म्हणून ‘औषध न देता २४ तास ताप नाही’ हाच निकष पाळा. आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस तेवढं बंद करा. तापातल्या पोराला ओढून आणायला त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही.

सगळ्यांना ‘आठ दिवस सुट्टी’

कांजिण्यांत दिवस मोजायचे नसतात, खपल्या बघायच्या. शेवटच्या फोडावर खपली धरली की परत. गालगुंडात सूज आल्यापासून ५ दिवस. गोवरात पुरळ उठल्यापासून ४ दिवस पूर्ण. जुलाब-उलटी थांबल्यापासून ४८ तास, आणि हाच नियम बिसिऊट करणाऱ्या बायकांनाही. त्यांचा त्या दिवसांचा पगार कापलात तर पुढच्या वेळी त्या सांगणार नाहीत. खरजेत पहिला उपचार झाला की दुसऱ्या दिवशी शाळा. मात्र मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायला हवं, नाहीतर ती फिरत राहते. उवांसाठी घरी पाठवायचं कारणच नाही. डेंग्यू पोराकडून पोराला लागत नाही. तिथं पोराऐवजी शाळेमागची उघडी टाकी बघा, आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा.

उलटीवर फिनेल

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. कुणीतरी बादलीभर पाणी ओततं, फडा मारतं, आणि घाण खोलीभर पसरते. आधी पोरं बाहेर काढा, खिडक्या उघडा. हातमोजे, मास्क. उलटीवर जुने कागद किंवा राख टाका, सुपलीनं कडेकडून मध्ये गोळा करा, पिशवीत बांधा. मग ब्लीचिंग पावडरचं पाणी: १ लिटरला १५ ग्रॅम, म्हणजे मोठा चमचा शिगोशीग. डागाच्या चारी बाजूंना हातभर ओलं करा, १० मिनिटं तसंच राहू द्या, मग पुसा. संडास धुवायचं ॲसिड किंवा फिनेल यात कधीच मिसळू नका. ॲसिडनं विषारी क्लोरीन वायू सुटतो. पावडरचं पोतं गेल्या वर्षीपासून तोंड उघडं पडलं असेल तर त्यात दम राहिलेला नसतो, वास नाही म्हणजे क्लोरीन नाही.

नंतर हात साबणानंच धुवायचे. जुलाब-उलटीच्या आणि हात-पाय-तोंडावर फोड आणणाऱ्या आजाराच्या विषाणूंवर सॅनिटायझर लंगडा पडतो.

एकाच दिवशी तिघांना जुलाब झाले तर त्या दिवशीचं जेवण सांडू नका. झाकून बाजूला ठेवा, तपासणीला लागेल. टाकीचं पाणी बंद करून पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) कळवा.

सीमेच्या एकाच बाजूला कळवणं

शाळा इकडं, घर पलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, असं पोर असेल तर इकडच्या पीएचसीला कळवून काम अर्धंच होतं. घरोघर बघायला जाणारी आशा त्या राज्याची. निपाणीचं पोर कागलच्या दवाखान्यात दाखवलं तर तो रुग्ण तिकडं नोंदवला जातो आणि शाळेच्या हद्दीत कुणाला पत्ता नसतो. म्हणून वहीत दोन रकाने वाढवा: राहण्याचं गाव आणि कुठं दाखवलं. दोन्ही बाजूंच्या आशाताईंचे नंबर त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर.

परिपत्रक कन्नडमध्ये येतं, ते तसंच व्हॉट्सॲपवर ढकलू नका. मराठीत चार ओळी लिहा: कोणती लक्षणं बघायची, कधी घरी ठेवायचं, कुठं दाखवायचं, कुणाला फोन करायचा. पोराचं नाव त्यात नको. ‘तिसरीच्या खोलीत’ एवढंही लहान गावात पुरेसं असतं ओळखायला. ‘शाळेत’ लिहा, आणि त्या खोलीतल्या पालकांना एकेक फोन करा.