दिवाळीच्या भेटीसाठी घरचं उटणं, तेल आणि टाचांचं मलम

अंगाला लावायची वस्तू घरी करून कोणाला द्यायची असेल, तर आधी एक नियम ठरवून टाका: पाणी असलेलं काहीही करायचं नाही. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, काकडीचा रस घातलेली क्रीम पहिल्या दिवशी झकास दिसते, पण टिकवणारं रसायन नसल्याने तिच्यात आठवड्याभरात बुरशी किंवा जंतू वाढू शकतात. स्वतःसाठी केलं तर फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवता येतं. भेट मात्र कधी उघडली जाईल, किती दिवस न्हाणीघरात पडून राहील, काही सांगता येत नाही. म्हणून कोरडी पूड, शुद्ध तेल आणि मेणाचं मलम, एवढंच करू. दिवाळीला अभ्यंगस्नान असतंच, तेव्हा उटणं आणि तेल ही जोडी कोणालाही समजावून सांगावी लागत नाही.

उटणं

सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. खाली दिलेल्या प्रमाणात अर्धा किलो उटणं होतं, म्हणजे 50 ग्रॅमच्या दहा पुड्या. चौघांच्या घराला नरक चतुर्दशीच्या पहाटे एक पुडी पुरते.

मसूर डाळीचं पीठ 150 ग्रॅम, मुलतानी माती 100, संत्र्याच्या सालीची पूड 50, वाळा 40, नागरमोथा 40, कपूरकचोरा 40, गुलाबपाकळ्यांची पूड 40, आंबेहळद 25, चंदन 15.

वाळा, नागरमोथा, कपूरकचोरा, आंबेहळद काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. दिवाळीच्या तोंडावर तिथे तयार पुडीही मिळते, पण ती कधी दळली आहे हे कळत नाही. शक्य असेल तर अख्खं आणा. चंदनाबाबत सावध राहा. अस्सल चंदन महाग असतं. पूड फारच स्वस्त मिळाली तर तो वास मारलेला भुसा असण्याची शक्यता धरून चाला. माझं मत विचाराल तर चंदन वगळून तेवढा वाळा वाढवा. वाळ्याचा वास काही कमी नाही.

संत्र्याची सालं फेकू नका. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरच्या सुमारास यायला लागतात, आणि त्याच सुमारास उन्हाचा तडाखाही असतो. आतला पांढरा भाग जमेल तेवढा खरवडून सालं सुपात किंवा परातीत पसरा. वाकवल्यावर कडकन मोडली की झाली. गुलाबाच्या पाकळ्या मात्र सावलीतच वाळवा, उन्हात रंग आणि वास दोन्ही उडतात. गावठी गुलाब घ्यावा. हारवाल्याकडच्या लांब दांड्याच्या गुलाबाला रंग असतो, वास नसतो.

आता दळण. मसूर डाळ दोन दिवस उन्हात तापवून मग मिक्सरमधून काढा. वाळा चिवट असतो, त्याचे कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करून उन्हात कडक करा, नाहीतर तो पात्याभोवती गुंडाळला जातो. नागरमोथा आणि कपूरकचोरा आधी खलबत्त्यात ठेचून घ्या. अख्खे टाकले तर मिक्सरची पाती बोथट होतात. प्रत्येक जिन्नस वेगळा दळा, मग वस्त्रगाळ करा. पीठ चाळण्याची चाळणी इथे पुरत नाही, वाळ्याचे बारीक काटे तिच्यातून खाली येतात आणि अंगाला टोचतात. जुन्या मलमलीच्या तुकड्यातून गाळलं की पूड बोटांना रेशमासारखी लागते. वर राहिलेला जाडसर चोथा टाकू नका, तेलाच्या कामी येतो.

सगळं परातीत एकत्र करून हाताने मिसळा आणि झाकण न ठेवता रात्रभर राहू द्या. मिक्सरमधून निघालेली पूड कोमट असते. ती तशीच भरली तर पुडीत आत दमटपणा धरतो आणि गोळे होतात.

दोन गोष्टी घालू नका. एक, बावची, म्हणजे एका वनस्पतीचं औषधी बी. काही जुन्या यादींत ती दिसते, पण बावची लावलेली त्वचा उन्हात गेल्यावर भाजल्यासारखी होऊन काळी पडू शकते. दुसरी, स्वयंपाकाची हळद. चिमूटभर ठीक, त्याहून जास्त झाली की टॉवेल, बनियन आणि न्हाणीघराची फरशी पिवळी होते आणि भेट देणाऱ्याची आठवण भलत्याच कारणाने निघते.

तेल

अर्धा लिटर घाण्याचं तीळ तेल, त्यात उटण्यातून उरलेला चोथा मूठभर आणि वाळ्याचे 20 ग्रॅम कोरडे तुकडे. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात दुसरं पूर्ण कोरडं पातेलं बसवून त्यात तेल घाला. थेट आचेवर ठेवलं तर वाळा करपतो आणि तेलाला जळका वास लागतो. मंद आचेवर दीड-दोन तास, अधूनमधून हलवत. रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी दुहेरी कापडातून गाळा. चोथा थोडं तेल पितो, त्यामुळे 100 मिलिच्या चार बाटल्या धरून चाला.

बाटल्या धुऊन उन्हात पूर्ण वाळवलेल्या हव्यात. तळाशी पाण्याचा एक थेंब राहिला तरी तेल खराब व्हायला सुरुवात होऊ शकते. वेगळा सुगंध हवाच असेल तर तेल गार झाल्यावर 100 मिलिला जास्तीत जास्त 20 थेंब लॅव्हेंडरचं सुगंधी तेल घाला. कापूर घालायचा मोह होतो, पण घरात तान्हं बाळ असेल तर कापूर नकोच, तो लहान मुलांना घातक ठरू शकतो.

टाचांचं मलम

हे लवकर होतं. कोकमाच्या बियांपासून काढलेलं घट्ट तेल, कोकणात त्याला मुठेल म्हणतात, भेगांवर पूर्वापार लावलं जातं. ते खोलीच्या तापमानाला घट्टच राहतं आणि अंगाच्या उबेने वितळतं, म्हणून मलमाला उत्तम. 15 ग्रॅम मधमाश्यांचं मेण, 30 ग्रॅम कोकमतेल, 55 ग्रॅम खोबरेल. मेण आधी वितळवा, तेही गरम पाण्यातल्या पातेल्यातच, मग बाकीचं घाला. थंड बशीवर थेंब टाकून पाहा: फार मऊ वाटला तर थोडं मेण, कडक वाटला तर चमचाभर खोबरेल. विदर्भात पाठवणार असाल तर मेण 20 ग्रॅम करा आणि खोबरेल तेवढंच कमी. छोट्या डब्यांत ओतून लगेच फ्रीजमध्ये ठेवा, हळूहळू गार झालं तर रवाळ होतं. पातेलं गरम असतानाच वर्तमानपत्राने पुसून घ्या. गार झालेलं मेण घासत बसलात तर सगळी हौस फिटेल.

आंघोळीच्या मिठाच्या बरण्या बाजारात सुंदर दिसतात, पण आपल्याकडे बहुतेक घरांत आंघोळ बादलीने होते. करायचंच असेल तर पाय बुडवायचं मीठ म्हणून द्या: चार मुठी जाडं मीठ, दोन मुठी एप्सम सॉल्ट, थोड्या वाळक्या गुलाबपाकळ्या. साबण पहिल्याच वर्षी सुरुवातीपासून करू नका. त्याला लागणारा कॉस्टिक सोडा अंग भाजतो आणि त्याचं माप चुकून चालत नाही.

बांधणी आणि देणं

उटणं बटर पेपरच्या पुडीत भरून वर कापडी बटवा. तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी हवीच: आत काय काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत वापरावं. उटणं पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवायचं नसतं. त्यात डाळीचं पीठ आहे, त्याला किडे लागतात. चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहा: "आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा." तेलाच्या बाटलीवर "लावल्यावर फरशी निसरडी होते" हेही लिहा, विशेषतः घरात आजी-आजोबा असतील तर.

लोकांना आवडलं की पुढच्या वर्षी ऑर्डर यायला लागतात. भेट देणं वेगळं आणि विकणं वेगळं: सौंदर्यप्रसाधनं विक्रीसाठी बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 आणि 2020 च्या नियमांखाली परवाना लागतो.

पुड्या वसुबारसेच्या आधी पोचवा. लक्ष्मीपूजनाला हातात पडलेलं उटणं घरात तसंच पडून राहतं.